पिस्तुलाचा प्लॅस्टिकचा पार्ट काढून धातूचा बसवला तर? हे बाईकचा सायलेन्सर बदलण्याइतकं सोपं नाही

रील्स बघताना असा एखादा व्हिडिओ तुमच्यासमोरही आला असेल. परदेशातला कुणीतरी पिस्तुलाचा काळा प्लॅस्टिक ट्रिगर काढतो, त्या जागी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा बसवतो आणि म्हणतो, आता कसं दमदार वाटतंय! अमेरिकेत हा कायदेशीर छंद आहे आणि अशा पार्टची मोठी बाजारपेठही आहे.

आपल्याकडे काय? नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत ड्रॉइंग दिलं की हवा तो पार्ट सीएनसीवर काढून देणारी वर्कशॉप्स गल्लोगल्ली आहेत. म्हणूनच हा विषय इथे नीट समजून घ्यायला हवा.

आधी गैरसमज काढू. ज्याला 'प्लॅस्टिकचं पिस्तूल' म्हणतात, ते पूर्ण प्लॅस्टिकचं नसतं. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक स्वीकारलं आणि पॉलिमरचा बोलबाला झाला. पण त्यातही नळी, स्प्रिंगा आणि वरचा मागेपुढे सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, पोलादाचीच असते. पॉलिमर असतं ते मुठीच्या सांगाड्यात आणि ट्रिगरसारख्या काही भागांत. हे पिस्तूल विमानतळावरच्या मशीनला दिसत नाही, ही अफवा 1990 च्या 'डाय हार्ड 2' या सिनेमाने पसरवली. ती खोटी आहे.

पॉलिमर आलं ते स्वस्त पडतं, घामाने गंजत नाही आणि वजन वाचवतं म्हणून. रिकामं ग्लॉक 17 साधारण 630 ग्रॅमचं असतं. जुनी पोलादी 9 एमएम पिस्तुलं 900 ग्रॅमच्या आसपास जातात. दिवसभर कमरेला लावून फिरणाऱ्या पोलिसाला हा फरक चांगलाच जाणवतो.

मग प्लॅस्टिकवर अविश्वास का? त्याला कारण आहे, आणि ते थेट पुण्याशी जोडलेलं आहे. इन्सास रायफल डीआरडीओच्या पुण्यातल्या एआरडीई या संस्थेने डिझाइन केली. 1999 च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिची पॉलिमरची मॅगझिन तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. समोर शत्रू असताना मॅगझिन फुटणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

पण त्याच एआरडीईने पुढे प्लॅस्टिक हद्दपार केलं असं झालं नाही. जानेवारी 2021 मध्ये 'अस्मी' ही देशी मशीन पिस्तूल जगासमोर आली. महूच्या इन्फंट्री स्कूलसोबत चार महिन्यांत तयार झालेली. तिचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या अ‍ॅल्युमिनियमचा (ओझरच्या एचएएलमुळे नाशिककरांना हे प्रकरण अनोळखी नाही) आणि खालचा कार्बन फायबरचा. ट्रिगरचे काही भाग मेटल थ्रीडी प्रिंटिंगने बनवले होते. म्हणजे कुठे धातू आणि कुठे हलकं मटेरियल, हे बंदूक कागदावर असतानाच ठरलं. नंतर उपटून काही बसवलं नाही. 2024 मध्ये लष्कराच्या नॉर्दर्न कमांडसाठी अशा 550 पिस्तुलांची ऑर्डर हैदराबादच्या लोकेश मशीन्सला मिळाली.

हे महत्त्वाचं का, ते 2017 च्या एका प्रकरणातून कळतं. सिग सॉअर कंपनीचं पी-320 हे पिस्तूल ठरावीक कोनात खाली पडलं तर ट्रिगर न दाबताही गोळी सुटू शकते, असं अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं. पिस्तूल जमिनीवर आदळलं की ट्रिगर स्वतःच्याच वजनाने मागे जात होता. कंपनीने दुरुस्तीत आणखी काही बदलांसोबत ट्रिगर हलका केला. आता विचार करा, कारखान्याने हिशोब करून बसवलेला हलका ट्रिगर काढून कुणी जड धातूचा बसवला तर तो हिशोब कोण करणार? रीलवाला तर नक्कीच नाही.

आता कायद्याकडे येऊ. शस्त्र कायदा 1959 नुसार 'अग्निशस्त्र' या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. कलम 5 प्रमाणे ते बनवणं, विकणं, त्यात बदल करणं किंवा त्याची दुरुस्ती करणं, या सगळ्याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे म्हणून पार्ट बनवून घेता येत नाही. परदेशातून कुरिअरने मागवायचं म्हटलं तरी आयातीचा परवाना हवाच. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 5 मोडल्यास किमान 7 वर्षं कैद, कमाल जन्मठेप.

ही शिक्षा फक्त पिस्तूलवाल्यासाठी नाही. चार-पाचशे रुपयांचा 'छोटा जॉब' म्हणून तो तुकडा कापून देणाऱ्या वर्कशॉपवाल्यावरही हाच गुन्हा लागू शकतो. त्यामुळे अंबडमध्ये मशीन चालवणाऱ्यांनी अनोळखी गिऱ्हाइकाला पार्ट कशात बसणार आहे हे विचारावं आणि उत्तर गोलमाल वाटलं तर ड्रॉइंग परत करावं. परवानाधारकाच्या पिस्तुलाचा पार्ट खरोखर तुटला असेल, तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे जाणं हाच रस्ता आहे.