दूरध्वनीवरील इंग्रजी आणि आपली मुले

दहावीपर्यंत पोहोचलेला आपला विद्यार्थी इंग्रजी वाक्याचा प्रयोग बदलू शकतो, प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करू शकतो, प्रश्नपत्रिकेतील संवादही लिहून पूर्ण करतो. परंतु दूरध्वनीवर एखाद्या अनोळखी माणसाशी इंग्रजीत दोन मिनिटे सौजन्याने कसे बोलावे, हे आपण त्याला तोंडाने कधी म्हणवून घेत नाही. हा विषय किरकोळ आहे, असे मानणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांशी माझा मतभेद आहे. तो या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडतो.

आमच्या वसतिगृहात वाढून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेल्या एका मुलीला काही वर्षांपूर्वी एका खाजगी कंपनीतून दूरध्वनी आला. तिने उचलला आणि म्हणाली, ''येस, टेल. हू आर यू?'' तिच्या मनात मराठी वाक्य होते, ''हं, बोला. आपण कोण?'' या वाक्यात उद्धटपणाचा लवलेशही नाही. पण पलीकडच्या माणसाने ते इंग्रजीत ऐकले, आवाज थंड केला आणि नंतर कळवितो म्हणून संभाषण आटोपले. ते कळविणे आजवर झाले नाही. खतावणी, ताळेबंद, कर यांपैकी कशाविषयीही तिला एक प्रश्न विचारला गेला नव्हता.

दोष तिच्या शब्दसंग्रहाचा नव्हता. मराठीत आदर क्रियापदात वसतो. 'थांब' आणि 'थांबा' यांत केवळ एका कान्याचे अंतर, पण सगळे सौजन्य त्या कान्यात आहे. त्यावर 'जरा', 'ना', 'बरे का' असे शब्द आपण सहज पेरतो. इंग्रजीत 'यू' एकच आणि आज्ञार्थाला आदरार्थी रूपच नाही. त्यामुळे 'थांबा'चे 'वेट' केले की आदर वाटेतच गळून पडतो आणि उरतो तो हुकूम. इंग्रजीने यावर वेगळा उपाय शोधला आहे, तो म्हणजे प्रश्नाचा आडोसा. 'कुड यू होल्ड द लाइन, प्लीज?' या वाक्याचे रूप प्रश्नाचे, अर्थ विनंतीचा. 'कॅन'पेक्षा 'कुड' मवाळ, 'विल'पेक्षा 'वुड' मवाळ. क्रियापदाला भूतकाळी रूप देऊन बोलणारा जणू एक पाऊल मागे सरून उभा राहतो. म्हणून 'हू आर यू?' ऐवजी 'मे आय नो हू इज कॉलिंग, प्लीज?' आणि 'मायसेल्फ राहुल' ऐवजी 'धिस इज राहुल स्पीकिंग'. 'आय अ‍ॅम अफ्रेड शी इज नॉट इन' यातील 'अफ्रेड'चा भीतीशी काही संबंध नाही, नकार सौम्य करणारा तो शब्द आहे, हे सांगितल्याशिवाय मुलांना कसे कळावे? समोरासमोर असताना स्मित, मान झुकविणे, जोडलेले हात यांनी उणीव भरून निघते. दूरध्वनीवर हात दिसत नाहीत.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गंमत सांगतो. 10 मार्च 1876 रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी आपल्या यंत्रातून पहिले वाक्य उच्चारले ते सहायक वॉटसन यांना बोलावून घेण्यासाठी, आणि त्यात 'प्लीज' नव्हते! 'हॅलो' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय एडिसन यांना दिले जाते. बेल यांची पसंती खलाशांच्या 'अहॉय'ला होती. आरंभीच्या केंद्रांवर जोडणीच्या कामास तारखात्यातली पोरे ठेवली होती. ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, शिव्याही देत. अखेर 1 सप्टेंबर 1878 रोजी बॉस्टनमध्ये एमा नट या पहिल्या महिला ऑपरेटर कामावर आल्या. मुंबई, कोलकाता व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे 1882मध्ये सुरू झाली. म्हणजे हे सौजन्य साहेबाच्या रक्तातून आलेले नाही. व्यवसायाच्या गरजेतून ते घडविले आणि शिकविले गेले. जे शिकविले जाते ते आपल्या मुलांनाही शिकता येते.

''म्हणजे पुन्हा जी हुजूर शिकवायचे का?'' असा आक्षेप येतो. तो मला गंभीर वाटतो, कारण त्यामागे आपल्या आज्या-आजोबांचा अनुभव आहे. गावातले शेंबडे पोरही आमच्या वस्तीतल्या पांढऱ्या केसांच्या माणसाला 'अरे' म्हणे आणि त्याचे नाव मोडून हाक मारी. आदराचा तो काना जातीनुसार वाटला जात होता. इंग्रजी समाजात उच्चनीचता नव्हती असे नाही, तेथे उच्चारावरूनही माणसाचा वर्ग ओळखतात. पण त्यांचा 'यू' मालकाला आणि शिपायाला एकच आहे. लाचारी मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. आपली मुले दूरध्वनी लावताच 'सॉरी सर, सॉरी सर' म्हणू लागतात, जणू त्यांनी फोन करणे हाच अपराध. ते आधी थांबवावे. त्याऐवजी 'मे आय नो द रीझन, प्लीज?' आणि 'कुड यू प्लीज गिव्ह मी दॅट इन रायटिंग?' ही दोन वाक्ये प्रत्येकाच्या जिभेवर असावीत. दुसरे वाक्य ऐकून भल्याभल्यांचा सूर बदलतो. संविधान सभेत बाबासाहेबांनी विरोधकांचे मुद्दे निर्दयपणे खोडून काढले, ते त्यांना सन्मानाने संबोधूनच.

आणखी एक बाब आपल्या शाळेत तरी टाळता येणार नाही. कचेरीत मालक खुर्चीत बसलेला असतो आणि सांगतो, ''मी बैठकीत आहे म्हणून सांग.'' रोज सकाळी पंचशील ग्रहण केलेल्या मुलीने चौथ्या शीलाचे काय करावे? येथे 'ही इज नॉट अ‍ॅव्हेलेबल अ‍ॅट द मोमेंट, वुड यू लाइक टू लीव्ह अ मेसेज?' हे वाक्य उपयोगी पडते. साहेब बोलण्यास उपलब्ध नाहीत, हे खरेच आहे. काहींना ही पळवाट वाटेल. मला ती वाटत नाही.

माझी सूचना साधी आहे. कार्यालयातील जुनी बंद उपकरणे वर्गात आणावीत आणि आठवी-नववीच्या दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे, म्हणजे चेहरा दिसणार नाही. एकाने मागणी नोंदवावी, दुसऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवावी. नावाची अक्षरे 'एम फॉर मुंबई, एन फॉर नागपूर' अशी सांगावीत. 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' असा संशय आला, तर 'वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?' असे न लाजता विचारावे. पंधरा पोत्यांच्या जागी पन्नास पोती दारात उतरली, तर हमालीही अंगावर पडते. शनिवारचा शेवटचा तास यासाठी पुरेसा आहे. मी तो घ्यायला तयार आहे.