मूर्ती दिसेल असा पडदा

१९८९ साली घरी पहिला संगणक घ्यायचं ठरलं, तेव्हा सगळं अडलं ते मॉनिटरपाशी. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार एकच धरून बसला होता, ‘ताई, रंगीतच घ्या.’ पण मला भाषांतरं करायची होती. दिवसाचे सात-आठ तास अक्षरं वाचायची होती, आणि त्यातली निम्मी मराठी.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मावसभावाने दुकानातच मला दोन्ही पडद्यांना नाक लागेल इतकं जवळ नेलं. रंगीत पडद्यावर लाल, हिरवे, निळे ठिपके वेगवेगळे दिसत होते. त्यांच्यामागे भोकं पाडलेली पत्र्याची जाळी असते, अक्षर त्या जाळीतूनच यायचं. एकरंगी नळीत जाळीच नाही, सगळीकडे सारखाच लेप. म्हणून अक्षराची कड स्वच्छ.

खरा फरक मात्र संगणकातून मॉनिटरला चित्र पुरवणाऱ्या कार्डाचा होता. त्या काळचं स्वस्त रंगीत सीजीए कार्ड ६४० बाय २०० ठिपक्यांचं. एका अक्षराच्या वाट्याला आठ बाय आठ. इंग्रजी त्यात भागतं. पण ‘मूर्ती’ लिहा: खाली दीर्घ उकार, वर वेलांटी, तिच्या माथ्यावर रफार. आठ ओळींत हे सगळं बसवायचं कसं? एकरंगी मॉनिटरला लागणारं हर्क्युलिस कार्ड ७२० बाय ३४८ ठिपके द्यायचं, तेही चित्रासारखे हवे तिथे मांडता येणारे. पुढे वाचलं, की व्हॅन सुवन्नुकूल यांनी ते १९८२ साली केलं ते स्वतःचा प्रबंध थाई लिपीत लिहिता यावा म्हणून. थाईतही खुणा अक्षराच्या वर-खाली बसतात. आपलं दुखणं त्यांना आधीच कळलं होतं, याचा मला फार आनंद झाला.

एकरंगी पडदा हिरवा घ्यावा की पिवळा, हे डोळ्यांवर सोडावं. आयबीएमच्या हिरव्या पडद्याचा लेप उशिरा विझायचा. चित्र स्थिर वाटायचं, पण मजकूर सरकवला की मागे शेपूट राहायचं. मी पिवळा घेतला.

एक मात्र सांभाळावं लागे. दोन्ही कार्डांना नऊ पिनांचं सारखंच सॉकेट, पण संकेत वेगळे. चुकीच्या कार्डाला जोडला तर मॉनिटर जळूही शकायचा. भावाने कार्डावर चिकटपट्टी लावून नाव लिहून दिलं.

पहिल्या रात्री ‘मूर्ती’ लिहून पाहिलं. रफार वेलांटीला न चिकटता उभा होता.