नावाचा रकाना

‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार नावाचा माणूस दया पवारांना गाठतो आणि आपली कहाणी ऐकवतो. दोघे एकच. एकाला आईच्या तोंडी, महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात जागा आहे. दुसऱ्याला मासिकांत आणि कविसंमेलनांत. १९७८ साली ग्रंथालीने हे पुस्तक काढलं तेव्हा गाजावाजा झाला तो त्यातल्या अनुभवांचा. दगडूला दयासमोर बसवून बोलतं करण्यामागे लेखकाने काय साधलं, यावर त्या मानाने कमी बोललं गेलं. आम्हाला तेच या पुस्तकाचं मर्म वाटतं.

आपल्याकडच्या जुन्या आत्मचरित्रांची पहिली पानं आठवून पाहा. मूळ गाव, घराणं, कुलदैवत, आजोबांचा लौकिक. तिथे नाव आयतं मिळतं. पुढे फक्त कर्तृत्व सांगायचं असतं. दलित लेखकाची अडचण पहिल्याच ओळीला सुरू होते. कोणतं नाव सांगायचं आणि ते कुठे सांगता येतं?

ही अडचण जुनी आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत ते उतरले, तेही वहीत पारशी नाव लिहून. काही दिवसांनी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले, तेव्हा त्या नावाची मुदत संपली. १९३५-३६च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवलेल्या त्यांच्या आठवणींत हा प्रसंग येतो. त्यात कुठे गळा काढलेला नाही. घडलं ते क्रमाने नोंदवलं आहे, आणि म्हणूनच ते वाचवत नाही.

नागपूरच्या कुमुद सोमकुंवरांनी संस्कृतात एम. ए. केलं. बौद्ध मुलगी संस्कृत शिकते याचं कौतुक करणारे पुष्कळ निघाले, नोकरी देणारं कुणी निघेना. आंतरजातीय लग्नानंतर त्या कुमुद पावडे झाल्या आणि मग सरकारी महाविद्यालयात नेमणूक मिळाली. ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) त्या या यशाचं श्रेय सरळ ‘पावडे’ या नावाला देऊन टाकतात. सोमकुंवर वंचितच राहिली, असा त्यांचा हिशेब आहे. इतका कोरडा, इतका अचूक विनोद मराठी गद्यात फार थोड्यांना जमला आहे. पण दलित लेखन म्हटलं की आक्रोश शोधायचा, ही वाचकांची सवय; विनोद कुणाच्या नजरेलाच येत नाही.

शरणकुमार लिंबाळ्यांच्या ‘अक्करमाशी’त बापाच्या नावाचा प्रश्न शाळेपासूनच पाठीशी लागतो. किशोर शांताबाई काळे यांनी तो रकाना आईच्या नावाने भरला आणि मुखपृष्ठावर तसाच छापला.

बेबीताई कांबळे मात्र वेगळ्या वाटेने गेल्या. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून वर्षानुवर्षं दडवून त्यांनी लिहिलं. ‘जिणं आमुचं’मध्ये ‘मी’ जवळजवळ नाहीच. आहे तो वीरगावचा महारवाडा, त्यातल्या बाया, त्यांची बाळंतपणं, अंगात येणं, उपास, सासुरवास. एकटीचं दुःख वेगळं काढून दाखवणं त्यांना गरजेचं वाटलं नाही. स्वतःचा शोध म्हणजे समूहातून बाहेर पडणं, ही आपली शहरी समजूत इथे लंगडी पडते. पुढे ऊर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये (२००३) हाच धागा उलटा ओढला. चळवळीतल्या, शिकलेल्या घरातही बाईने पुढे शिकावं, लिहावं हे खपत नाही, हे त्यांनी आपल्याच माणसांना ऐकवलं. या दोघींच्या मध्ये दलित आत्मकथनाचा सगळा पैस मावतो.

अशा पुस्तकांवर पहिला राग कुणाचा होता? शहरात स्थिरावलेल्या, शिकलेल्या दलितांपैकीही अनेकांचा. हा उकिरडा कशाला उकरायचा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याची टर उडवणं सोपं आहे. पण ज्याने मुलांना चाळीतून इमारतीत आणलं, शेजाऱ्यांना कधी गावाचं नाव सांगितलं नाही, त्याच्या घरात हे पुस्तक येऊन पडलं तर त्याला काय वाटेल? दगडू त्याच्याही दारात येऊन उभा राहिला होता.

सवर्ण वाचकाचं कौतुक आम्हाला जास्त संशयास्पद वाटतं. त्याने ही पुस्तकं साक्षीपुराव्यासारखी वाचली, हळहळला आणि पुढच्या पुस्तकात आणखी दाहक काही आहे का ते पाहू लागला. दिवाळी अंकांनी त्याला साथ दिली. दलित लेखकाला पत्र जायचं ते ‘काहीतरी अनुभवपर द्या’ असं. समीक्षा, प्रवास, संगीत, क्रिकेट हे विषय इतरांकडे. ज्या लेखनप्रकाराने माणसाला स्वतःचं नाव मिळवून दिलं, त्याचाच असा नवा रकाना झाला आणि संपादक तो दरवर्षी भरून घेत राहिले.

यंदाच्या अंकात आत्मकथनाचा वेगळा विभाग नाही. कुणालाही विषय नेमून दिलेला नाही. ज्यांनी स्वतःविषयी लिहिलं ते त्यांच्या मर्जीने, आणि ज्यांनी लिहिलं नाही त्यांना आम्ही कारण विचारलेलं नाही.