एक्सेप्ट म्हणजे शिवाय नव्हे

बाजारातली इंग्रजीची गाइडे आणि आम्हा शिक्षकांच्या टाचणवह्या चाळल्या, तर शब्दार्थांच्या यादीत एक जोडी हमखास भेटते. एक्सेप्ट : शिवाय. बिसाइड्स : शिवाय. मुले दोन्ही पाठ करतात, आम्ही दोन्हींवर बरोबरची खूण करतो. हे भाषांतर नुसते ढिले असते तर मी लेखणी उचलली नसती. ते उलटे आहे.

'ऑल द बॉइज एक्सेप्ट रशीद पास्ड' यात रशीद नापास आहे. 'बिसाइड्स रशीद, थ्री बॉइज पास्ड' यात रशीद पास आहे आणि वर आणखी तिघे. गाइडच्या 'शिवाय'ने दोघांना एकाच बाकावर बसवले! दोष मराठीचा नाही. 'रशीदशिवाय सगळे आले' आणि 'रशीदशिवाय सलीमही आला' हा फरक मराठी माणूस बाकीच्या वाक्यावरून ओळखतो. उर्दूतल्या 'इलावा'चेही तेच. पण इंग्रजीने या दोन कामांसाठी दोन वेगळे शब्द ठेवले आहेत, आणि आम्ही ते पुन्हा एकाच पोत्यात भरतो.

गंमत अशी की 'शिवाय' हा शब्द अरबीतून आला, आणि 'खेरीज' म्हणजे आपला 'खारिज'च. बाहेर काढण्याची क्रिया सांगायला मराठीने हे शब्द बाहेरून आत घेतले. भाषाशुद्धीवाल्यांनी यावर जरूर विचार करावा.

एक्सेप्टचे मूळ लॅटिन आहे. अर्थ, बाहेर काढून घेणे. एक्सक्लूडमध्ये दार बंद करणे आहे. माणूस कधी आत नव्हताच. एक्सेप्टमध्ये तो आधी आत मोजलेला असतो, मग काढला जातो. म्हणून या शब्दाआधी बहुधा ऑल, एव्हरी, नोबडी, होल असे अख्खा समूह सांगणारे शब्द येतात. 'सम बॉइज एक्सेप्ट रशीद' हे वाक्य उभे राहत नाही, कारण कशातून काढले तेच ठरत नाही. उर्दू कवाइद शिकलेल्या मुलाला हे नवे नाही. जो काढला तो मुस्तस्ना, ज्यातून काढला तो मुस्तस्ना मिन्हु. ही हत्यारे आमच्या शाळेत आहेत, पण इंग्रजीच्या तासाला ती कपाटात बंद असतात. दोन भाषांचे शिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, दुसरे काय!

(एक्सेप्ट आणि अ‍ॅक्सेप्टचा घोटाळा तर विचारू नका. 'माझा अर्ज स्वीकारावा' लिहिताना 'ए'च्या जागी 'ई' आणि 'सी'च्या जागी 'एक्स' पडला, की मुलगा स्वतःच्याच हाताने अर्ज वगळायची विनंती करतो.)

काही सहकारी म्हणतात, व्याकरणाने मुले बिचकतात, आधी बोलू द्या. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हापासून हेच ऐकतो आहे. बोलू द्या की! पण उद्या कोकणातला आपला मुलगा आखातात निघेल. समजा करारात लिहिले आहे, 'ऑल एक्स्पेन्सेस एक्सेप्ट एअरफेअर'. गाइडचा 'शिवाय' डोक्यात असेल तर तो वाचेल : सगळा खर्च, शिवाय विमानभाडेही. सही करून मोकळा होईल. तिकिटाचे कर्ज मग बापाच्या डोक्यावर.

हा शब्द कायद्यात शिरला की काय करतो, ते अमेरिकेला विचारा. 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीने तिथली गुलामगिरी रद्द केली, पण एक्सेप्टच्या आधाराने गुन्ह्याची शिक्षा तेवढी वगळली. त्याच फटीतून दक्षिणेकडच्या राज्यांनी भटकेपणासारख्या आरोपांखाली काळ्या माणसांना पकडले आणि कैदी म्हणून खाणींना, मळ्यांना भाड्याने दिले. कोलोरॅडोने आपल्या राज्यघटनेतला असा अपवाद काढला तो 2018 मध्ये.

आणि जिथे हा शब्द लिहिलेलाच नसतो तिथे? 1950 चा अनुसूचित जातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश पाहा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक्सेप्ट नाही. हिंदूहून वेगळा धर्म मानणारी कोणतीही व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे तो म्हणाला. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना आत घेतले. मुसलमान मेहतर आणि ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. हा परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये केली. ती अमलात आली नाही.

मुस्तस्ना आणि मुस्तस्ना मिन्हु शोधायची सवय असलेला मुलगा या वाक्यातही अख्खा समूह कोणता आणि काढले कोणाला, हे विचारील. म्हणून दहावीच्या वर्गात ते मूळ इंग्रजीतून वाचून घ्यावे, असे मी शिक्षकांच्या एका बैठकीत सुचवले. उत्तर मिळाले, अभ्यासक्रमाबाहेरचे आहे. वाक्य दोन-तीन ओळींचे आहे, एका तासिकेत होते.