वजन कमी करणारी ‘नैसर्गिक’ सप्लिमेंट्स: डब्यावर न छापलेला धोका

2025 मध्ये वजन कमी करण्याची दोन इंजेक्शने भारतात आली. मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी आणि खर्चिक औषधे आहेत. त्यांची चर्चा घरोघरी झाली आणि तिचा फायदा दुसऱ्याच बाजाराने घेतला. ‘इंजेक्शनशिवाय तोच परिणाम’, ‘शंभर टक्के हर्बल’, ‘साइड इफेक्ट शून्य’ अशा जाहिराती करणारी पावडर, कॅप्सूल आणि चहा आता मोबाइलवरून घरपोच मिळतात. ‘इंजेक्शनची भीती वाटते, मग हे घेतलं तर चालेल का?’ असा प्रश्न अनेक रुग्णांच्या मनात असतो. त्याचे उत्तर देण्याआधी औषध आणि सप्लिमेंट यांतला मूळ फरक समजून घेऊ.

परवाना म्हणजे परिणामाची हमी नव्हे

नवीन औषध बाजारात येण्यापूर्वी ते किती उपयोगी आणि किती सुरक्षित आहे, हे रुग्णांवरील चाचण्यांतून दाखवावे लागते. वेगोव्हीमधील सेमाग्लुटाइडच्या 2021 च्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी सुमारे 15 टक्के वजन उतरले. त्याच चाचणीत मळमळ, उलट्या, जुलाब असे त्रासही नोंदले गेले. म्हणजे फायदा आणि तोटा दोन्ही आपल्याला माहीत आहेत.

सप्लिमेंट मात्र कायद्याने ‘अन्न’ आहे. डब्यावरचा एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक हा व्यवसायाचा परवाना असतो. ‘या कॅप्सूलने वजन उतरते, हे तपासले आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही. उलट 2016 च्या नियमांनुसार अशा उत्पादनांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे बंधनकारक आहे. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानेही मनाई आहे.

बंदी आलेले औषध ‘हर्बल’ डब्यात

सिबुट्रामाइन हे भूक मारणारे औषध एकेकाळी जगभर विकले जाई. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे 10 हजार लोकांवरील मोठ्या अभ्यासात ते घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले दिसले. 2010 मध्ये युरोप आणि अमेरिकेत त्याची विक्री थांबली. फेब्रुवारी 2011 मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली.

औषधाच्या दुकानातून ते गेले, पण बाजारातून गेले नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2007 ते 2016 या काळात छुपी औषधे मिसळलेली 776 सप्लिमेंट्स नोंदवली. त्यांपैकी 317 वजन कमी करण्याची होती आणि त्यांतल्या 269 मध्ये सिबुट्रामाइन होते. डब्यावर त्याचा उल्लेख नव्हता.

म्हणूनच एखादी ‘हर्बल’ पावडर सुरू करताच दोन-तीन दिवसांत भूक पूर्ण मेली, तोंड कोरडे पडू लागले, धडधड वाढली, झोप उडाली, तर ‘गुण येतोय’ असे समजू नका. ही लक्षणे छुप्या औषधाचीही असू शकतात. ब्लड प्रेशर असलेल्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या व्यक्तीला यातून गंभीर धोका होऊ शकतो.

भेसळ नसली तरी?

शुद्ध वनस्पतीचा अर्कही निरुपद्रवी असेलच असे नाही. गार्सिनिया कंबोजिया ही आपल्या कोकमाच्याच कुळातली वनस्पती. आमटीतले आमसूल किंवा ग्लासभर सोलकढी हा आहार झाला. त्याच कुळातल्या फळाचा घट्ट अर्क रोज कॅप्सूलमधून महिनोन्‌महिने घेणे ही वेगळी गोष्ट आहे. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

ग्रीन टीचेही तसेच. कपभर चहा आणि अर्काची गोळी यांत मोठे अंतर आहे. त्यातील ईजीसीजी हा घटक गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा अधिक गेल्यास यकृताचे एन्झाइम वाढू शकतात, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिला.

‘नैसर्गिक ओझेम्पिक’ म्हणून गाजवले जाणारे बर्बेरिन दारुहळदीत असते. त्याने वजनात पडणारा फरक थोडाच असतो. मात्र मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त खाली जाऊ शकते, आणि गरोदर व स्तनदा मातांनी ते टाळावे. ‘डिटॉक्स’ चहात अनेकदा सोनामुखी असते. तिने जुलाब होतात, काटा खाली येतो, पण कमी होते ते पाणी. चरबी जागेवरच राहते. दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

विकत घेण्यापूर्वी

- ‘महिन्यात दहा किलो’, ‘पथ्य नको, व्यायाम नको’ असा दावा असेल तर घेऊ नका.
- घटकांचे नेमके प्रमाण न देता फक्त ‘खास मिश्रण’ लिहिले असेल तर घेऊ नका.
- सुटी पावडर, लेबल नसलेली पुडी, ओळखीतून आलेला डबा नको.
- हृदयविकार, ब्लड प्रेशर, मधुमेह, यकृत किंवा किडनीचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका.
- वजन अचानक वाढले असेल तर आधी कारण शोधा. थायरॉइड, पीसीओएस किंवा स्टिरॉइडसारखी औषधे यामागे असू शकतात.

आधीच घेत असाल तर

डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अंगाला खाज, सतत मळमळ, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखणे यांपैकी काही दिसले तर सप्लिमेंट लगेच बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. छातीत दुखले, चक्कर येऊन पडलात किंवा धडधड थांबत नसेल, तर थेट इमर्जन्सी विभागात जा. जाताना डबा सोबत न्या, फेकू नका. ‘औषध काय चालू आहे?’ असे विचारल्यावर बरेच जण सप्लिमेंटचे नाव घेत नाहीत, कारण ते त्यांना औषध वाटतच नाही. निदान नेमके तिथेच लांबते. घरच्यांनी ही माहिती आवर्जून सांगावी.

दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या टोल-फ्री क्रमांकावर करता येते. भेसळीचा संशय असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. अशा तक्रारींमुळेच घातक उत्पादने उघडकीस येतात.

वजन कमी करायचे ठरवले असेल तर ते योग्यच आहे. आहार, चालणे, झोप आणि गरज असेल तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालील औषध, हा मार्ग सावकाश असला तरी त्यात तुमच्या पोटात काय जात आहे, हे तुम्हाला माहीत असते.