हिऱ्याचें वजन आणि हिऱ्याचा घाट

लग्नकार्याच्या खरेदींत हिरा पुढें आला कीं आमच्याकडील गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती कॅरटचा ? सोनें तोलून घेण्याची आपली संवय पिढ्यान्‌पिढ्यांची. तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु हिरा म्हणजे सोनें नव्हे. त्याचें मोल तेजांत आहे, आणि तें तेज बव्हंशीं पैलू पाडणाऱ्याच्या हातीं असतें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं वक्रीभवनाचा धडा आठवावा. हिऱ्याचा वक्रीभवनांक सुमारें २.४२, म्हणून त्याचा सीमान्त कोन अवघा साडेचोवीस अंशांच्या आसपास. साध्या कांचेचा हाच कोन एकेचाळीस-बेचाळीस अंशांचा असतो. माथ्यांतून आंत शिरलेला किरण तळच्या पैलूवर सीमान्त कोनाहून मोठा कोन करून आदळला, तर त्याला तेथून बाहेर पडतां येत नाहीं. तो समोरच्या पैलूवरून उलटून पुनः माथ्याकडे येतो आणि बाहेर पडतांना सप्तरंगांत फांकतो. पण तळाचा उतार चुकला कीं प्रकाश खालून निसटलाच. फार खोल हिऱ्याचा मध्य काळवंडतो. फार उथळ हिऱ्यांत माशाच्या डोळ्यासारखें करडें वर्तुळ उमटतें. मार्सेल टोल्कोव्स्की यानें १९१९ सालीं गणित मांडून गोल हिऱ्याच्या तळाचा उतार पावणेएकेचाळीस अंशांचा ठरविला. एकदोन अंशांनीं काय बिघडतें, असें कोणी म्हणेल; पण डोळ्यांस तें दिसतें.

कोहिनूर १८४९ सालीं लाहोराहून इंग्रजांच्या हातीं गेला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनांत तो पाहून लोक निराश होऊन परतले. इतका थोर हिरा, पण चमक बेताची! पुढच्या वर्षीं ॲम्स्टरडॅमच्या कारागिरांकडून त्यास नवे पैलू पाडविले. आजच्या मापानें सुमारें १९१ कॅरटांचा हिरा १०५.६ कॅरटांवर आला. जुन्या हिंदी कारागिरांची त्यावरील करणी कायमची पुसली गेली, ही हळहळ आम्हांसही वाटते. परंतु केवळ वजन घटलें म्हणून रडणें आम्हांस पटत नाहीं. टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें नमूद केलें आहे कीं, मोगल दरबारच्या एका प्रचंड हिऱ्याचें वजन बोर्जिओ नांवाच्या व्हेनिसच्या कारागिरानें घासून घासून निम्म्याहून कमी केलें, आणि त्याबद्दल दहा हजार रुपये दंड भरला. त्याच्या हातून वजनही गेलें आणि तेजही आलें नाहीं. दंड झाला तो आमच्या मतें रास्तच होता.

आज जगांतील बहुतेक हिऱ्यांना सुरतेंत पैलू पडतात, आणि तेथील कारागिरांस हें सर्व शास्त्र उत्तम अवगत आहे. अडचण आहे ती गिऱ्हाइकाच्या हट्टाची. पूर्ण एक कॅरट म्हटलें कीं भाव एकदम चढतो. मग जो खडा नव्वद सेंटांचा सुरेख हिरा झाला असता, त्याचा तळ जाड ठेवून कांटा एकावर नेण्याचा मोह होतो. तें जादा वजन तळाशीं दडून बसतें. वरून हिरा लहानच दिसतो, शिवाय अंधुकही. आणि दाम मात्र पालक मोजतात !

तेव्हां दुकानाच्या झगझगीत दिव्यांखालीं हिऱ्याची निवड करूं नये. तेथें कांचही चमकते. तो खिडकीशीं साध्या उजेडांत नेऊन हलवून पाहावा, आणि प्रमाणपत्रावर वजनाच्या आंकड्याआधीं घाटाची प्रत वाचावी.