खतावणी झोपेत होते

संध्याकाळी कॅशमध्ये अडीचशे रुपयांचा फरक निघाला, तर आमच्या ब्रँचचा कॅशियर घरी जात नाही. आमच्या घरात रोज अडीच तासांचा फरक पडतो आणि सगळे शांत असतात.

हिशेब सोपा आहे. आमची चिमी पाचवीत. शाळा सातची, म्हणून साडेपाचला तिला उठवायचे. म्हणजे उचलून बेसिनपाशी उभे करायचे. तोंडात ब्रश, डोळे मिटलेले. रात्री पाठ टेकायला अकरा. झोप साडेसहा तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने 2016 सालीच सांगितले आहे. इथे मिनिमम बॅलन्ससुद्धा नाही हो!

मग प्रगतिपुस्तकात शेरा येतो, 'वर्गात लक्ष नसते.' आम्ही काय केले? क्लास लावला, सात ते साडेआठ. त्यामुळे जेवण नऊला, गृहपाठ पावणेअकरापर्यंत. एक कर्ज फेडायला दुसरे काढणाऱ्याला मी काउंटरवर उपदेश करतो!

अहो, शाळेत होते ती नुसती किर्द. शिकलेले जागच्या जागी लावायचे काम मेंदू झोपेत करतो, खतावणी रात्रीची. ती होऊ द्यायची नाही आणि ताळेबंद मात्र नव्वद टक्क्यांचा मागायचा, हा कुठला न्याय?

8 फेब्रुवारी 2024 ला सरकारने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका. तेव्हा आमच्या जिन्यात ओरडा झाला तो मोठ्यांचा. 'मग आम्ही ऑफिस कसं गाठायचं?' पाचवीत चिमीची शाळा पुन्हा सातची झाली, तेव्हा (सांगायला लाज वाटते) मला हायसे वाटले.

गेल्या महिन्यात एकदा वीज गेली. क्लास बुडाला, टीव्ही बंद. गॅलरीत चटईवर आम्ही तिघे पडलो. अंधारात चिमी म्हणाली, "बाबा, अपूर्णांक आले की मला सरांची भीती वाटते." सहा महिने फी भरून हे कळले नव्हते. कसे कळणार? माझे तिच्याशी बोलणे चार शब्दांचे: ऊठ, आवर, लिही, झोप.

तेव्हा माझे म्हणणे स्पष्ट आहे. पोराला आणखी एक क्लास लावण्याआधी स्वतःचा टीव्ही नऊला बंद करा आणि त्याच्या शेजारी जाऊन पडा. तरीही अर्ध्या तासाची तूट उरेल. ती शाळेच्या नावे टाका आणि वसुलीला जा.

आम्ही क्लास बंद केला. पहिल्याच रात्री दहा मिनिटांत एक जण गाढ झोपला. चिमी म्हणते, "बाबा फार घोरतात."